एका टाचणीची चिठ्ठी

पहिला का

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोर्च पडला. वेळ मला पक्की आठवते, कारण तेव्हा मी साइटवरच्या पाळणाघरात माझ्या जमूचा ताप बघत होते आणि थर्मामीटर बघताना मी घड्याळही बघते. सवय आहे. लेक झाल्यापासून मी सगळंच दोनदा बघते.

ओली पोती उंचावरून टाकावीत तसा आवाज आला. मग धूळ. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग कन्नड, तेलुगू, मराठी, दखनी अशा सगळ्या भाषांतून एकच ओरडा.

चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्याला आमच्या कंपनीचं काम चालू होतं, कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांसाठी तीन मजली वसतिगृह. पडला तो दारावरचा स्लॅब, खाली खांब नसलेला, भिंतीतून सहा फूट बाहेर आलेला. आमच्याकडची मजूर नागव्वा त्याच्याखाली नळी धरून पाणी मारत होती. तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या हातात नळी तशीच होती. उजव्या पायाकडे मी बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. तिची तीन वर्षांची पोर माझ्या जमूच्या शेजारी, त्याच सतरंजीवर बसून बिस्किट खात होती.

स्लॅब टाकून अकराच दिवस झाले होते. त्याचे टेकू पंचविसाव्या दिवशी काढायचे होते. पण टेकू निघालेले होते. पलीकडे भिंतीशी एकावर एक, उंचीप्रमाणे, अगदी नीट रचून ठेवलेले. नीट रचायला आम्हीच शिकवलं होतं.

पोलीस आले, पंचनामा केला, गुरुवारी पुन्हा येतो म्हणाले; तोवर कंपनीचा अहवाल तयार ठेवा. ते गेल्यावर प्रकल्पाचे मुख्य आबासाहेब यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"राहतबाई, ते तुमचं मुळाशी जायाला पाच वेळा 'का' इचारायचं हाय न्हवं? ते करा. बुधवारी चारपर्यंत कागद पायजे."

"पाचही 'का', साहेब?"

"जितके लागतील तितके," ते म्हणाले. "त्या सेंटरिंगवाल्या सिद्धप्पानं टेकू काढले, हे तर समद्यांनी बघितलंय. त्याचं नाव गेलं की गुरुवारी त्याला घेऊन जातील. काम चालू झालं पायजे. आपल्याला लई खोलात जायाचं न्हाय."

मी मान हलवली. मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन चार महिने झाले होते, आणि नाही म्हणायचं कसं हे मी त्या रजेतच विसरून आले होते बहुतेक.

कागदावर पहिली ओळ लिहिली. *पोर्च का पडला? टेकू चौदा दिवस आधी काढले म्हणून.* सोपं होतं. तिथून पुढे अवघड होतं.

दुसरा का

आमच्या साइटवर एक भिंत आहे. पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी वर्षापूर्वी आम्हाला लीन मॅनेजमेंट शिकवलं. म्हणजे बांधकामात वेळेची, मालाची, फेऱ्यांची नासाडी कमी कशी करायची ते. त्यातलं मला सगळ्यात आवडलं ते हे, की वेळापत्रक साहेबाने वरून लादायचं नाही. काम जो करणार त्यानेच शब्द द्यायचा. ऑफिसच्या बाहेर, पत्र्याखाली, मी प्लायवुडचा मोठा फळा लावून घेतला. पुढच्या तीन आठवड्यांच्या अठरा दिवसांच्या अठरा उभ्या पट्ट्या. प्रत्येक टोळीला चिठ्ठीचा एक रंग. दर शनिवारी सकाळी मीटिंग, गेल्या आठवड्याच्या पट्ट्या काढायच्या, नव्या लावायच्या, आणि प्रत्येक मुकादमाने आपलं काम आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहून, आपल्या दिवसाखाली दोन टाचण्यांनी टोचायचं. दोन, कारण इथला वारा.

चिठ्ठीवर तारीख लिहायची नाही, हा नियम माझा. काम पुढेमागे झालं की खाडाखोड नको. चिठ्ठीची जागा हीच तिची तारीख. आणि दुसरा नियम: ज्याची चिठ्ठी, त्यानेच हलवायची.

लोक लांबून ती भिंत बघायला यायचे. चार लिप्या, सहा रंग. माझा फोटो छापून आला होता कंपनीच्या मासिकात, जमू पोटात असताना.

वाऱ्याचा त्रास होताच. गेल्या शनिवारी दुपारी, टोळ्या बाजाराला लवकर गेल्यानंतर, अशी वावटळ आली की पत्रे वाजायला लागले. सहा चिठ्ठ्या उडून आवारात गेल्या. मीच पळत जाऊन गोळा केल्या आणि जागच्या जागी लावल्या. भिंत मला पाठ होती.

मंगळवारी दुपारी मी त्या भिंतीसमोर उभी राहिले. मंगळवारच्या पट्टीखाली सिद्धप्पाची गुलाबी चिठ्ठी होती, कन्नडमध्ये. मला कन्नड येत नाही. पाळणाघर सांभाळणाऱ्या कमलम्मांना मी हाक मारली. त्या जमूला खांद्यावर घेऊन आल्या, चिठ्ठीजवळ तोंड नेऊन वाचलं.

"पोर्चचे टेकू काढणे," त्या म्हणाल्या. "असंच लिहिलंय बघा."

सिद्धप्पा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसला होता. पन्नाशीचा, अक्कलकोटच्या पलीकडचा, तीस वर्षं सेंटरिंगचं काम केलेला माणूस. चहाचा कप शेजारी तसाच, त्यावर साय धरलेली.

"सिद्धप्पा, टेकू का काढले?"

"भितीवर व्हतं बाई."

"तुम्ही स्वतः लावली होती तिथं चिठ्ठी?"

त्याने चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"मामा, मला खरं सांगा. परवा पोलीस येणारेत."

"अक्षर माझं हाय," तो म्हणाला. "शब्द माझा हाय. टेकू माझ्या हातानं काढलो. अजून काय पायजे तुमाला?"

"हलवली होती का तुम्ही?"

"न्हाई." मग जमिनीकडे बघत, "शनवारी मी तिसऱ्या आठवड्यात टोचलो व्हतो. सोमवारी येऊन बघतो तर उद्यावर आलेली. मोठ्या लोकांनी आणली असंल. मोठ्या लोकांचं मला काय ठाव?"

*टेकू का काढले? चिठ्ठी मंगळवारच्या पट्टीखाली होती म्हणून.*

मोठ्या लोकांत कन्नड वाचणारा एकच होता.

तिसरा का

मंजुनाथ आमचा साइट इंजिनिअर. सत्तावीस वर्षांचा, हुशार, घाईचा. पहिल्या मजल्यासाठी त्याला लोखंडी टेकू हवे होते, आणि टेकू मोजकेच होते. जास्तीचा माल पडून राहणं म्हणजे नासाडी, असं आम्हीच ठरवलेलं. शनिवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तो सिद्धप्पाला म्हणाला होता, "पोर्चचे थोडे आधी मिळतील का मामा? काँक्रीटचा रिपोर्ट चांगला आलाय." आणि सिद्धप्पाने दोन्ही हात हलवून नाही म्हटलं होतं. "लोंबतं काम हाय सायेब. त्याला घाई चालत न्हाई."

मंगळवारी सकाळी मंजुनाथ साइटवर नव्हता. खडी बघायला मंद्रूपला गेला होता. पोर्च पडला त्याच वेळी नेमका नाही. बुधवारी सकाळी आठ वाजता मी त्याला ऑफिसच्या दारातच गाठलं.

दर शनिवारी मीटिंग संपली की मी भिंतीचा फोटो काढून ग्रुपवर टाकते. तो फोटो मी त्याच्यापुढे धरला. शनिवार, अकरा चाळीस.

"वाच. या दोन गुलाबी चिठ्ठ्या."

त्याने बोटांनी फोटो मोठा केला. "या आठवड्याचा मंगळवार, स्वयंपाकघराचे टेकू. तिसऱ्या आठवड्याचा मंगळवार..." तो थांबला. "पोर्च."

"आणि आता भिंतीवर बघ."

तो बाहेर गेला. मी त्याचा चेहरा बघत होते. भिंतीवर उलटं होतं: मंगळवारी पोर्च, आणि स्वयंपाकघर तिसऱ्या आठवड्यात. दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल. म्हणजे अकरा चाळीसनंतर कुणीतरी हात लावला होता.

"तुला टेकू हवे होते, मंजुनाथ."

"हवे होते म्हणून तर सगळ्यांदेखत मागितले ना, मॅडम! चोरून करायचं असतं तर तोंड उघडलं असतं का?" त्याचा आवाज चिरकला. "मीटिंग संपल्यावर मी बाराच्या विजयपूर गाडीत होतो. बहिणीचा साखरपुडा. तिकीट आहे, फोटो आहेत, शंभर माणसं आहेत."

खोटं बोलणारी माणसं इतक्या पटकन पुरावे देत नाहीत, की देतात? मला कळेना. मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. ते खिशात तिकीट शोधत होते.

"अजून एक," तो म्हणाला. "ते तरी लिहाच. सोमवारी तुम्ही नव्हता."

सोमवारी जमूला एकशे दोन ताप होता. मी घरी होते. सकाळची दहा मिनिटांची उभी मीटिंग त्याने घेतली होती.

"मी विचारलं, उद्या काय मामा? ते म्हणाले, टेकू काढतो. मी म्हटलं, काढा." त्याने डोळे मिटले. "कुठले, ते विचारलं नाही. भिंत बरोबरच असते ना, मॅडम. वर्षभर बरोबरच होती."

मला त्याला धरून काहीतरी बोलावंसं वाटलं. तो गेल्यावर मी पुन्हा भिंतीजवळ गेले आणि त्या दोन गुलाबी चिठ्ठ्या अगदी नाक लावून बघितल्या.

दोन्हींच्या वरच्या कोपऱ्यांना दोन-दोन भोकं होती. सिद्धप्पाची. पण आता त्या कोपऱ्यांत काही नव्हतं. दोन्ही चिठ्ठ्या मध्यभागी टोचलेल्या एकेका टाचणीवर लटकत होत्या, किंचित तिरक्या.

ज्याने त्या लावल्या, त्याचा एकच हात मोकळा होता.

चौथा का

आमच्या साइटवर एका हाताचा माणूस एकच. स्टोअर सांभाळणारे गैबीसाब. तरुणपणी यंत्रमागावर डावा हात कोपरापर्यंत गेला. माझ्या सासरच्या गल्लीतलेच. माझ्या लग्नात मंडपाची व्यवस्था त्यांनी बघितली होती.

टेकू स्टोअरमधून जातात. टेकू कमी पडले की बोलणी गैबीसाबना बसतात. मंजुनाथने गेल्या आठवड्यात त्यांना सगळ्यांदेखत सुनावलंही होतं. मनात मी जुळवत गेले आणि जुळत गेलं, आणि जुळतंय याचं मला बरं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

ते खिळ्यांच्या डब्यांना झाकणं लावत होते.

"चाचा, शनिवारी दुपारी तुम्ही कुठं होता?"

"हितंच. कुटं जालालो मी? पाच वाजेपर्यंत स्टोअर हाय माझं."

"भिंतीला हात लावला होता?"

त्यांनी झाकण खाली ठेवलं. "का गे बेटा?"

मी सांगितलं. मधोमध एकच टाचणी, एका हाताचं काम. बोलताना माझाच आवाज मला बारीक होत गेलेला ऐकू आला. ते उठले, मला खुणेने बरोबर यायला सांगितलं आणि भिंतीपाशी नेलं. त्यांच्या हिरव्या चिठ्ठ्या होत्या तिथं, उर्दूत लिहिलेल्या. एकेकीवर त्यांनी बोट ठेवलं.

"मोज."

प्रत्येक चिठ्ठीला दोन टाचण्या. सरळ, कोपऱ्यात.

"एक टाचणी दातात धरतो. चिठ्ठी या तुटक्या हातानं दाबतो. मग एक लावतो, मग दुसरी. वेळ लागतो. पण तू बोलली व्हतीस, दोन लावा, वारा हाय. मग लावतो की." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "ज्याला एकच हात हाय ना बेटा, तो दोन लावतो. एक लावणारा येगळा. त्याला दोन हात असत्यात, पण एक कशात तरी गुंतलेला असतो."

ते आत गेले. झाकणं लावण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी तिथंच उभी होते. ऊन पत्र्यावर आदळत होतं. पाळणाघरातून जमूच्या रडण्याचा आवाज आला. ती दात येताना असतं तसं सलग, चिडून रडत होती. माझं अंग आपोआप तिकडे वळलं, डावा हात आपोआप कमरेशी गेला, जिथे ती बसते.

मग मी भिंतीवरच्या एकाच टाचणीच्या चिठ्ठ्या मोजल्या. गुलाबी दोन. एक निळी. दोन पिवळ्या. एक तपकिरी.

सहा.

पुन्हा मोजल्या. सवय आहे. सहाच.

पाचवा का

कमलम्मांना मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, जमूचं तोंड पुसत, सहज.

"शनवारी किती वारा सुटला व्हता की बाई! ही पोरगी लई रडलालती. तुमच्या कडेवरून खाली उतरंना. मी म्हणलं द्या हिकडं, तर मला बघून अजून ओरडली. तुमी फोनवर डाक्टरांशी बोललालता, मान अशी वाकडी करून. आन् एका हातानं चिठ्ठ्या टोचलालता. मला तर तुमची कीव आली."

फोन माझ्या कानाशी होता. त्याच फोनमध्ये, तीन तासांपूर्वी काढलेला भिंतीचा फोटो होता. डॉक्टर ड्रॉपचं प्रमाण सांगत होते, जमू माझा कान ओढत होती, आणि माझ्या हातात दोन गुलाबी चिठ्ठ्या होत्या ज्या मला वाचता येत नव्हत्या. दोन जागा रिकाम्या होत्या, दोन्ही मंगळवारच्या. निळी, पिवळ्या, तपकिरी मी वाचून लावल्या. या दोन अंदाजाने. भिंत मला पाठ होती ना. फोन ठेवून फोटो बघायला एक मिनिट लागलं असतं. कमलम्मांना "हे वाचा" म्हणायला अर्धं.

तारीख असती चिठ्ठीवर, तर इंग्रजी आकड्यात असती. मला वाचता आली असती.

मी कागद पूर्ण केला. तिसऱ्यासमोर लिहिलं, दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली म्हणून. चौथ्यासमोर लिहिलं, चिठ्ठ्या उडाल्या आणि राहत यांनी अदलाबदल करून लावल्या म्हणून. पाचव्यासमोर लिहिलं, तारीख लिहायची नाही हा नियम राहत यांचा. आणि भिंतीवर आहे ते विचारायचं नाही, ही सवय आम्ही सगळ्यांना लावली. चारला दहा मिनिटं असताना आबासाहेबांच्या टेबलावर ठेवला.

ते वाचत गेले. तिसऱ्या ओळीपर्यंत मान हलत होती. मग थांबली.

"राहतबाई, बसा."

"नको साहेब."

"लेकरू किती म्हयन्याचं हाय?"

"दहा."

"मग?" त्यांनी कागद टेबलाच्या कडेला सरकवला. "चुकून लावलं, त्याला गुन्हा म्हणत न्हाईत. पण तुमचं नाव आलं की कंपनीचं नाव येतंय. ही भिंत कंपनीची हाय. सिद्धप्पा ठेकेदाराचा माणूस. अहवाल मीच लिवून दोनलाच मेल केलाय. दुसऱ्या 'का'वर थांबवलाय. अन् त्यानं सही केलीय खाली."

"त्याने काय म्हणून सही केली?"

"म्या इचारलं, शब्द तुझा व्हता का? तर व्हय म्हणाला."

संध्याकाळी पाचला माझा नवरा तौहीद टेम्पो घेऊन मला न्यायला आला. गेटवर उभी राहूनच मी त्याला सगळं सांगितलं. तो कधी माझ्यावर ओरडत नाही. तेव्हाही ओरडला नाही. जमूला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या टोपीची नाडी बांधत राहिला.

"तेरेकू जेल में डाले तो इसकू दूध कौन पिलाएगा? मैं?" मग हळू आवाजात, "तू जानबूझके करी क्या? नहीं ना? फिर चुप बैठ, राहत. चुप बैठना भी एक काम है."

वाटेत मी दवाखान्यासमोर टेम्पो थांबवायला लावला. नागव्वा शुद्धीत होती. पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता. मला बघून तिने पहिल्यांदा विचारलं, "पोरगी जेवली का?" कमलम्मांकडे जेवली, मी म्हटलं. झोपली का? झोपली. "तुमी हायत म्हणून बरं," ती म्हणाली. मी तिच्या उशीची खोळ सरळ केली. त्यापलीकडे माझ्या हाताला काही सुचलं नाही.

गुरुवारी सकाळी सातला मी साइटवर होते. सिद्धप्पा आला होता. अंगावर धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. तयारीने आला होता तो.

"मामा, ती चिठ्ठी मी हलवली. चुकून. तुम्ही सही का केली?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिव्या देईल.

"मला सोमवारीच खटकलं व्हतं," तो म्हणाला. "अकरा दिवसांत लोंबत्या स्लॅबचे टेकू काढायला मी काय येडा हाय का? तीस वर्षं झाली. रात गेली इचार करण्यात. पण तुमीच सांगितलं व्हतं की बाई. मनात ठिवू नका, भितीवर बघा. मंजुनाथ सायेबबी म्हणाले काढा. मला वाटलं, शिकलेली माणसं हायत, हिशेब केला असंल." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्या मनाचं ऐकलो असतो तर नागव्वाचा पाय ऱ्हायला असता. म्हणून केलो सही."

त्याला काय सांगायचं? की तुझं मन बरोबर होतं, आणि ते बाजूला ठेवायला मी तुला वर्षभर शिकवलं?

साडेसातला सकाळची मीटिंग भरली. सगळ्या टोळ्या, नेहमीसारख्या अर्धगोलात. मंजुनाथ मान खाली घालून. गैबीसाब स्टोअरच्या दारात. आबासाहेबांची गाडी गेटमधून आत येत होती, आणि तिच्यामागे लांब रस्त्यावर पोलिसांची जीप.

मी जमूला कमलम्मांकडे दिलं. तिने माझी ओढणी धरली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती किंचाळली. मी वळले नाही.

पांढरी चिठ्ठी मी घरून लिहून आणली होती. पांढरा रंग कुठल्याच टोळीचा नव्हता. *पोर्चची चिठ्ठी शनिवारी दुपारी चुकीच्या जागी मी लावली. सिद्धप्पांनी नाही. राहत.* खाली मी तारीख घातली होती, आणि त्याखाली कमलम्मांनी सकाळीच, त्यांच्या सातवीपर्यंतच्या शाळेतल्या अक्षरांत, तेच कन्नडमध्ये लिहून दिलं होतं. लिहिताना त्यांनी एकदाच माझ्याकडे वर बघितलं होतं.

मी चिठ्ठी उचलून धरली. सिद्धप्पा पुढे आला. ओठ हलवत त्याने ती वाचली, शेवटपर्यंत. मागे गाडीचं दार आपटलं.

"राहतबाई!" आबासाहेबांचा आवाज. "हिकडं या आधी. राहतबाई!"

माझ्या उजव्या हातात एक टाचणी होती, डाव्या हातात दुसरी. भिंतीवर सोमवारपासूनच्या अठरा पट्ट्या होत्या. मी तो गेलेला शनिवार शोधत होते. शनिवारच्या मीटिंगमध्येच गेल्या आठवड्याच्या पट्ट्या मीच काढून टाकलेल्या होत्या.

"बाई," सिद्धप्पा हळूच म्हणाला, "कुटल्या दिवसाखाली लावणार?"

जीप गेटमधून आत आली. जमू रडत होती. मी चिठ्ठी गुरुवारच्या पट्टीखाली धरली आणि पहिली टाचणी कोपऱ्यात रुतवली. दुसरी टाचणी माझ्या बोटांतून निसटून खाली मातीत पडली, आणि मी गुडघ्यांवर बसून ती शोधायला लागले. शेजारी कुणीतरी खाली बसलं. हाताने माती चाळत, सिद्धप्पाही शोधत होता.